जर्मनीत धंदा मांडताना

स्टुटगार्टमधली नोकरी सोडून छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली, तेव्हा पुण्याहून मामा फोनवर म्हणाले, "जर्मन माणूस धंद्याला घाबरतो म्हणे." इतक्या वर्षांत मला दिसलं ते असं.

१. हा प्रश्न स्वभावाचा कमी, हिशेबाचा जास्त. पक्क्या नोकरीत आरोग्यविम्याचा साधारण निम्मा हप्ता मालक भरतो; धंदा काढला की सगळा आपल्या खिशातून. माझ्या सहकाऱ्यांना हा हिशेब चांगला येत होता.

२. आकड्यांना भुलू नये. 'ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर' ही पाहणी १९९९ पासून चालते. धंदा उभारू पाहणारे आणि साडेतीन वर्षांच्या आतला धंदा चालवणारे, असे प्रौढ शेकडा किती हे ती मोजते. त्यात युगांडा जर्मनीच्या कितीतरी पुढे दिसला. नोकरीच नसेल तर माणूस टपरी टाकणारच! वडापावची गाडी आणि सिलिकॉन व्हॅलीतली कंपनी, दोन्ही तिथे एकाच रकान्यात.

३. दारावरचा खर्च बघावा. इथल्या रूढ मर्यादित कंपनीला २५,००० युरो भांडवल लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीपूर्वी भरायचं. शिवाय नोटरीने दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा, हा कायदाच आहे. आमच्या नोटरीबाईंनी तो पोथीसारखा एका दमात वाचला. २००८ पासून एका युरोतही कंपनी निघते, पण भांडवल पुरेसं साठेपर्यंत दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा गंगाजळीत टाकावा लागतो. मी हीच काढली. बँकेत मात्र हा प्रकार ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. काही धंद्यांना पैशाआधी परीक्षा लागते: केशकर्तनालय काढायचं तर सहसा आधी 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा.

४. बुडालो तर काय, हे आधी विचारावं. कर्ज स्वतःच्या नावावर असेल तर जर्मनीत दिवाळखोरीतून सुटायला सहा वर्षं लागत. ऑक्टोबर २०२० पासून तीन. अमेरिकेत बऱ्याचदा काही महिन्यांत पाटी कोरी होते. जपानमध्ये कंपनीच्या कर्जाला मालकाची वैयक्तिक हमी घेण्याची प्रथा इतकी मुरली होती, की ती सैल करायला २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणावी लागली.

५. राजीनाम्याआधी करारपत्र वाचावं. नोकरी सोडून त्याच क्षेत्रात धंदा करायचा नाही, हे कलम कॅलिफोर्नियात १८७२ पासून जवळपास निरर्थक आहे. जर्मनीत ते दोन वर्षांपर्यंत चालतं. मात्र तेवढा काळ मालकाने निदान निम्मा पगार द्यायचा. माझ्या एका मित्राने तो काळ निम्म्या पगारावर आरामात काढला. तोवर त्याच्या डोक्यातलं उत्पादन दुसऱ्याच कुणीतरी बाजारात आणलं होतं.