ना-नफा न्यूजरूम चालवताना : चंदीगडच्या अनुभवाचे बोल

ना-नफा तत्त्वावरची स्थानिक न्यूजरूम म्हणजे जिच्या शिलकीवर कोणाचा खासगी हक्क नाही आणि जिची बातमी एका ठरावीक वस्तीच्या उपयोगी पडावी म्हणून लिहिली जाते, अशी संस्था. भारतात ती सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी अशा रूपांत उभी राहते. ती चालवताना ठेच कुठे लागते हे पाहायला चंदीगड फार उपयोगी आहे. तिथे एक अख्खे दैनिक न्यासाच्या मालकीचे आहे.

सरदार दयालसिंग मजिठिया यांनी ‘द ट्रिब्यून’ २ फेब्रुवारी १८८१ रोजी लाहोरला सुरू केले. पुण्यात ‘केसरी’ निघून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मजिठिया १८९८ मध्ये वारले. मृत्युपत्राने त्यांनी छापखाना आणि वृत्तपत्र विश्वस्तांच्या हवाली केले होते. अट अशी, की चालू खर्च भागून जे उरेल ते वृत्तपत्र सुधारण्यावर आणि त्याचा पाया पक्का करण्यावरच लावावे, आणि उदारमतवादी धोरण सोडू नये. पुढे १९१९ च्या लष्करी कायद्यात संपादक कालीनाथ रे तुरुंगात गेले. १९४७ मध्ये लाहोर सुटले. वृत्तपत्र सिमल्यात, मग अंबाल्यात आणि १९६९ मध्ये चंदीगडच्या सेक्टर २९ मध्ये आले. एवढ्या पडझडीतही पैसा कुठे लावायचा यावर वाद घालायची गरज नव्हती. ते लिहून ठेवलेले होते.

नवी संस्था काढणारे नेमके इथेच घाई करतात. न्यासपत्राचा तयार नमुना आणतात, नावे भरतात आणि सही करतात. त्यात ‘समाजप्रबोधन’ असते, पण संपादकाला कोण नेमणार, कोण काढू शकणार, आणि छापून येण्याआधी विश्वस्ताला बातमी पाहता येईल की नाही, याबद्दल अवाक्षर नसते. सगळे मित्र असतात तोवर हे खटकत नाही. विश्वस्ताच्या व्याह्याच्या बांधकामावर पहिली बातमी येते तेव्हा ते कागद बाहेर काढले जातात, आणि कागद मुके निघतात. प्रमुखाने हे तीन मुद्दे पहिल्या दिवशीच न्यासपत्रात घालून घ्यावेत. नंतर ते घालायला कोणी राजी होत नाही.

‘ना-नफा’ या शिक्क्याने कर आपोआप माफ होतो, हा दुसरा भ्रम. तो ट्रिब्यूनच्याच दोन निकालांनी फेडता येतो. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की प्रांताला सुशिक्षित लोकमताचे मुखपत्र पुरवणे हा सार्वजनिक उपयोगाचा, म्हणून धर्मादाय हेतू आहे. पुढे कायद्यातली व्याख्या बदलत गेली. व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावर मर्यादा आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्याबरोबर सर्वोच्च न्यायालयाने ट्रिब्यून न्यासाचेही अपील निकाली काढले. पैसे घेऊन जाहिराती छापणे हा व्यवसायच आहे, असे त्यात स्पष्ट झाले. अर्थ सरळ आहे: जाहिरातीवर जगणाऱ्या न्यासाने करसवलत गृहीत धरून अंदाजपत्रक बांधू नये. सनदी लेखापालाला वर्षअखेरीस नव्हे, पहिले जाहिरात-दरपत्रक छापण्यापूर्वी भेटावे.

देणग्यांचे प्रकरण याहून नाजूक. चंदीगडच्या कितीतरी घरांतली मुले कॅनडात आहेत, आणि आपल्या सेक्टरच्या बातम्यांसाठी पैसे पाठवायची त्यांची तयारी मनापासूनची असते. पण विदेशी अंशदान कायदा, २०१० प्रमाणे नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, मुद्रक किंवा प्रकाशक यांना विदेशी देणगी घेता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्-श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांनाही ती बंदी आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी धरली जात नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या भावाची रक्कम मात्र विदेशी ठरते. एकाच आडनावाच्या दोन पावत्या, आणि त्यातली एक संस्थेला गोत्यात आणणारी. म्हणून पावतीवर देणगीदाराच्या नागरिकत्वाचा रकाना हवाच, आणि तो भरल्याशिवाय रक्कम खात्यात घेऊ नये.

देशातल्या मोठ्या देणगीदाराचा धोका वेगळा असतो, आणि तो कोणत्याही कायद्यात सापडत नाही. प्रस्तुत लेखकाने एक लहान न्यूजरूम जवळून पाहिली आहे. निम्मे पगार एकाच गृहस्थांच्या देणगीतून होत. त्यांनी कधी फोन केला नाही, कधी बातमी थांबवली नाही. माणूस खरोखर सज्जन होता. तरी त्यांच्या व्यवसायाबद्दलची बातमी त्या टेबलावर येईनाशी झाली. वार्ताहरांनी ती आणणेच सोडले होते. संपादकाला नकार देण्याची वेळच आली नाही, त्यामुळे काही बिघडले आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. असा दबाव दिसत नाही, म्हणून त्यावरचा उपाय आकड्यांतच ठेवावा लागतो. एका हातून येणाऱ्या पैशाला न्यासपत्रातच कमाल मर्यादा घालावी. देणगीदारांची यादी दरवर्षी छापावी. त्यांच्यापैकी कोणाबद्दल बातमी असेल तेव्हा बातमीतच तसे नमूद करावे. शंभर घरांची लहान वर्गणी गोळा करायला चपला झिजतात, पण एक घर गळले तर पगार थांबत नाही.

आता सेवा कशाची करायची ते. शहराच्या पश्चिमेकडचा सेक्टर ३९ हाच नमुना घ्यावा. सरकारी क्वार्टर, कोठ्या, बाजारातले बूथ, सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था इम्टेक, आणि शहराचे जलशुद्धीकरण केंद्र एवढे सगळे इथे आहे. भाक्रा कालव्याचे पाणी पंजाबातल्या कजौलीहून इथे येते आणि इथून शहरभर जाते. शहराला पाणी पाजणाऱ्या याच सेक्टरात उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही, हा प्रश्न विचारणे म्हणजे स्थानिक पत्रकारिता. त्याचे उत्तर एका कार्यालयात मिळत नाही. कजौलीची वाहिनी दुरुस्तीला बंद होती का, पंपांचे वेळापत्रक काय, खालच्या मजल्यावर टुल्लू पंप थेट नळाला लावला आहे का, सकाळच्या पुरवठ्याच्या वेळी लॉनला पाणी घालण्याची बंदी कोण पाळतो, हे सारे जिने चढून आणि मीटर पाहून जुळवावे लागते. मोठ्या दैनिकाला त्यासाठी माणूस देणे परवडत नाही. ना-नफा न्यूजरूमचे काम तिथूनच सुरू होते.

चंदीगडमध्ये जबाबदारीचा पत्ता शोधणे हेही एक कौशल्य आहे. १९६६ पासून हा केंद्रशासित प्रदेश आहे. पंजाबचे राज्यपालच त्याचे प्रशासक असतात. महानगरपालिका आहे, इस्टेट ऑफिस आहे, हाउसिंग बोर्ड आहे. प्रशासनाची अधिकृत भाषा इंग्रजी, आणि बाजारात बोलली जाते पंजाबी व हिंदी. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका घराचे हिस्से करून मजल्यागणिक वेगळी घरे करण्याच्या पद्धतीवर निकाल दिला तेव्हा त्याचा मुख्य विषय शहराच्या उभारणीच्या पहिल्या टप्प्यातले सेक्टर १ ते ३० हे होते. सेक्टर ३९ दुसऱ्या टप्प्यातला. ‘मग आमच्या हिश्श्याचे काय?’ एवढेच इथल्या माणसाला जाणून घ्यायचे असते. जो आदेश वाचून, संबंधित कार्यालयात विचारून, लोकांच्या बोलीत हे सांगेल त्याला वर्गणी मागताना संकोच वाटणार नाही. सेक्टर २६ ची मंडी ३९ मध्ये हलवण्याची वर्षानुवर्षे रेंगाळलेली योजनाही अशीच. आडते, हमाल आणि शेजारचे रहिवासी या तिघांचे म्हणणे वेगवेगळे, आणि तिघेही वर्गणीदार होऊ शकतात. तिघांचेही म्हणणे पूर्ण छापावे.

नियतकालिक छापायचे तर नोंदणी लागते. १ मार्च २०२४ पासून १८६७ च्या जुन्या कायद्याऐवजी नवा कायदा लागू आहे. फक्त डिजिटल असाल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमून पंधरा दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते. कायदा नसता तरी हे करायला हवे होते. चूक दुरुस्तीची जागा ठरलेली असावी आणि बातमी जितकी ठळक तितकीच दुरुस्तीही दिसावी.

खटल्यांची तरतूद मात्र बहुतेक जण विसरतात. जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यूनच्या वार्ताहराने ५०० रुपयांत आधारची माहिती कशी मिळते ते छापले. त्यानंतर आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदलेल्या एफआयआरमध्ये वार्ताहर आणि वृत्तपत्र या दोघांची नावे आली. मोठा न्यास असे प्रकरण पेलू शकतो. चार माणसांच्या न्यूजरूमला एका नोटिशीत कुलूप लागू शकते. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा वकिलासाठी वेगळ्या खात्यात टाकावा, संवेदनशील बातमी छापण्याआधी त्याला दाखवावी, आणि नोटीस आली तर वार्ताहराच्या पाठीशी संस्था उभी राहील हे नेमणूकपत्रातच लिहून द्यावे.

शेवटचे काम उत्तराधिकाऱ्याचे. संस्थापक-संपादक सगळे डोक्यात ठेवतो: कोणत्या कार्यालयात कोण खरे बोलतो, कोणत्या देणगीदाराला काय सांगितले आहे, सर्व्हरचा पासवर्ड काय. संस्था सुरू होताच संपादकाची मुदत ठरवावी. मुदत संपायच्या किमान वर्षभर आधी दुसऱ्या माणसाला अंदाजपत्रक, देणगीदारांशी झालेला पत्रव्यवहार आणि विश्वस्तांच्या बैठकांची इतिवृत्ते हाताळायला द्यावीत. जुने अंक आणि कागदपत्रे संस्थेच्या नावावर, दोन वेगळ्या जागी ठेवावीत. बँक खात्यावर सही करणाऱ्यांत संपादकाचे नाव एकटे कधीही नसावे.