कोचच्या खुर्चीआधी शॉप फ्लोअर

बावीस वर्षांच्या पदवीधराला वाळूजमधला कोणताही प्लान्ट हेड आपली खरी अडचण सांगणार नाही. एवढं एक वाक्य पटलं, तर ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ या करिअरवरून घराघरांत चाललेले निम्मे वाद मिटतील. मुलं मोबाइलवर सूटबुटातले कोच पाहतात, दोन दिवसांच्या कार्यशाळेची जाहिरात पाहतात आणि एमबीएच्या दुसऱ्या वर्षातच ‘मला हेच करायचंय’ म्हणून हटून बसतात. आईवडिलांना वाटतं, पैसे उकळण्याचा हा नवा प्रकार असणार. काम खरं आहे, त्यात पैसा आहे, आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, त्याला जागाही आहे. फक्त ते पहिल्या नोकरीचं काम नाही. साधारण चाळिशीच्या आसपास हाती येणारं काम आहे. त्याची तयारी विशीत सुरू होते, पण कोचिंगच्या वर्गात नाही.

आधी काम काय असतं ते पाहू. समजा, शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलेला माणूस वीस वर्षांत प्लान्ट हेड झाला. मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगेल इतका तयार. पण सकाळच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये तो असा तापतो, की हाताखालची माणसं रिजेक्शनचे आकडे दडवू लागली आहेत. ग्राहक कंपनीची तक्रार आली, की मग त्याला कळतं. मालकाला तो हवा आहे. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. अशा वेळी कोच बोलावतात. पाच-सहा महिन्यांचा करार होतो आणि दर पंधरा दिवसांनी तासा-दीड तासाची बैठक ठरते. कोच आधी त्याच्या वरिष्ठांशी, बरोबरीच्यांशी, हाताखालच्यांशी बोलतो, ऐकलेलं नावं न सांगता त्याच्यापुढे ठेवतो आणि नेमकं काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवतात. त्यानंतर उपदेश नाही. ‘काल आवाज चढायच्या आधी नेमकं काय झालं?’ एवढं विचारून कोच गप्प बसतो. उत्तर येईपर्यंत गप्प राहायला भल्याभल्यांना जमत नाही, आणि प्राध्यापक मंडळींना तर मुळीच नाही.

कन्सल्टंट लाइन कशी लावायची ते सांगून जातो, ट्रेनर तीस जणांना हॉलमध्ये बसवून शिकवतो. कोचसमोर एकच माणूस असतो आणि उत्तरही त्याच माणसाने शोधायचं असतं. ही पद्धत खेळाच्या मैदानावरून आली. टिमथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ मध्ये खेळाडूच्या मनातल्या खेळावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडचे जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये तोच विचार कंपन्यांच्या कामकाजाला लावून दाखवला. ध्येय काय, आज परिस्थिती काय, पर्याय कोणते आणि प्रत्यक्षात करणार काय, हा त्यांचा चार पायऱ्यांचा क्रम आजही बहुतेक वर्गांत पहिल्या दिवशी शिकवतात. शिकायला एक दुपार पुरते.

या कामाची एक सीमा मुलांना आधीच सांगून ठेवा. समोरच्याची झोप उडाली असेल, व्यसन वाढलं असेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर तिथे कोचने थांबून डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचला कोणतीच लागत नाही. उद्या कोणीही दारावर पाटी लावू शकतो, आणि लावतातही.

आता आपलं शहर. बजाज ऑटोचा वाळूज कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी वाळूजमध्येच छोट्या प्रमाणावर ॲल्युमिनियम डायकास्टिंग सुरू केलं. त्याची पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाली. वाळूज आणि चिकलठाण्यात अशा पुरवठादारांची रांगच उभी राहिली. पुढे शेंद्र्यात स्कोडा आली, ऑरिक ही औद्योगिक नगरी आली, आणि २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्कर व एथर एनर्जी यांच्या घोषणा झाल्या. तासाभरावरच्या जालन्यात पोलाद आहे आणि बियाणं आहे. बद्रीनारायण बारवाले यांची महिको तिथलीच, १९६४ सालची. या सगळ्यात कोचला काम कुठे? बहुराष्ट्रीय कंपनीच्या सर्वोच्च साहेबाचा कोच मुंबईहून किंवा परदेशातून ऑनलाइन ठरतो. तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. काम आहे ते दुसऱ्या पिढीकडे आलेल्या घरच्या कारखान्यांत. मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकून परतलेली असते, हुद्दा संचालकाचा असतो. पण वडील रोज दहा वाजता केबिनमध्ये येऊन बसतात, आणि जुने मॅनेजर त्या ‘काकां’ना विचारल्याशिवाय पान हलवत नाहीत. काकांचा मान राखून निर्णय आपल्या हातात कसा घ्यायचा, हे त्या मुलीला कोणत्याही एमबीएत शिकवलेलं नसतं. तिच्या शेजारी, ऑपरेटरमधून सुपरवायझर आणि सुपरवायझरमधून मॅनेजर झालेली माणसं असतात. ती मराठीत विचार करतात, रागावतात मराठीत, अर्धी हिंदीतही. फक्त ईमेल इंग्रजीत लिहितात. पुण्या-मुंबईचा कोच त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो, तेव्हा ती सभ्यपणे ‘येस सर’ म्हणतात आणि मुद्दा तिथेच राहतो. फाड फाड इंग्रजी येत नाही म्हणून खचलेल्या आपल्या मुलांची संधी नेमकी इथे आहे, असं मला वाटतं.

मग शिकायचं काय? पदवी कोणतीही चालते. इंजिनिअरिंग करून प्रॉडक्शन किंवा क्वालिटीत आठ-दहा वर्षं काढलेला माणूस या कामात मानसशास्त्राच्या सुवर्णपदकवाल्यापेक्षा पुढे जाऊ शकतो, कारण डिस्पॅच अडकल्यावर पोटात येणारा गोळा त्याला ठाऊक असतो. आपल्या विद्यापीठातून मानसशास्त्रात एमए करून एचआरमध्ये शिरणं हा दुसरा चांगला रस्ता. पण तिथेही फक्त भरती आणि हजेरीपत्रकात अडकू नये, युनियनच्या वाटाघाटी जवळून पाहाव्यात. ताळेबंद वाचता यायलाच हवा. मालकाचा जीव खेळत्या भांडवलात अडकलेला असतो, आणि ते न कळणाऱ्या कोचशी तो दुसऱ्यांदा बोलत नाही.

ऐकण्याचं शिक्षण मात्र मुद्दाम घ्यावं लागतं. इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेवियरल सायन्स ही संस्था अनेक दिवसांच्या निवासी प्रयोगशाळा घेते. तिथे छोटा गट असतो, व्याख्यान नसतं, आणि आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होतो ते माणूस तिथल्या तिथे पाहतो. मराठीत शिकायचं, तर आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचा मानसशास्त्र विभाग पुण्यात आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था ठाण्यात. तिथे मिळतं ते समुपदेशनाचं शिक्षण, कोचिंगचं नव्हे; पण पाया तोच.

प्रमाणपत्राचा विषय जरा सविस्तर पाहू, कारण पैसे इथेच जातात. जगभर सर्वाधिक चालतं ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं मानांकन. पहिली पायरी एसीसी: ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव आणि त्यातले ७५ तास मोबदला घेऊन केलेले. शिवाय अनुभवी कोचकडून दहा तासांचं मार्गदर्शन, तेही किमान तीन महिन्यांत पसरलेलं, आणि परीक्षा. दुसरी पायरी पीसीसी: १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तास अनुभव. तिसरी एमसीसी: अनुभव २,५०० तास. आता हिशोब करा. एका क्लायंटचं सहा महिन्यांचं काम म्हणजे साधारण बारा तास. शंभर तास भरायला आठ-नऊ माणसं लागतात, पाचशेला चाळीसहून जास्त. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन तास काढले तर एसीसीला वर्ष आणि पीसीसीला पाच वर्षं सहज जातात. ‘वीकेंडला सर्टिफाइड कोच व्हा’ म्हणणारी जाहिरात या हिशोबासमोर ठेवून पाहा. पैसे भरण्याआधी त्या संस्थेचा अभ्यासक्रम आयसीएफच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते आपण स्वतः तपासावं. माहितीपत्रकावरच्या बोधचिन्हावर जाऊ नये. आणि नोकरीचा अनुभव नसलेल्या मुलासाठी कर्ज काढून हा कोर्स घेऊ नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो. तास भरायला माणसंच मिळणार नाहीत.

माणसं कशी मिळतात? ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर त्याचं कौतुक झालं ते श्रीमंतीचं. मला त्यात दिसतो तो इथला व्यवहाराचा स्वभाव. या शहरात मोठी खरेदी एकमेकांच्या शब्दावर होते, आणि कोचही असाच निवडला जातो. त्यामुळे लिंक्डइनवर रोज सुविचार टाकण्यापेक्षा सीएमआयए किंवा मसिआ या इथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं नियमित दिसणं जास्त उपयोगाचं. तेही कार्ड वाटत नव्हे. समिती घ्यावी, एखादं सत्र भरवावं, खुर्च्या मांडाव्यात. सीएमआयएच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘मॅजिक’ या इन्क्युबेशन केंद्रात नवउद्योजक येत असतात. त्यांच्याकडे पैसे कमी आणि प्रश्न भरपूर, म्हणून सुरुवातीचे तास तिथे मिळू शकतात. पण पूर्ण फुकट करू नका. आयसीएफला नाममात्र मोबदलाही चालतो, आणि फुकटच्या बैठकीला माणूस हमखास उशिरा येतो.

सगळ्यात पहिला क्लायंट मात्र आपल्याच कंपनीत सापडतो. नव्या ट्रेनींचा मार्गदर्शक होण्याचं काम मागून घ्यावं, एचआरला विचारून दुसऱ्या विभागातल्या नव्या टीम लीडरबरोबर दोन-तीन महिने बसावं. आपल्याच हाताखालच्या माणसाचा कोच होऊ नये; ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याला कोण मनातलं सांगेल?

शब्दावर चालणाऱ्या गावात शब्द फिरतोही लवकर. एकाच कंपनीला माल देणारे दोन स्पर्धक तुमचे क्लायंट असू शकतात, आणि दोघंही एकाच लग्नात तुम्हाला भेटतात. म्हणून करार तिघांत लेखी हवा: कंपनी, तो अधिकारी आणि कोच. मालकाला काय कळवायचं आणि काय नाही, हे पहिल्याच बैठकीत तिघांसमोर ठरलं पाहिजे. ‘जरा सांगा ना, तो सोडून जायच्या विचारात आहे का?’ असं मालक चहावर सहज विचारतो. तिथे तोंड उघडलं, की या शहरातलं काम संपलं.

पैशांचं बोलायचं तर आवक सलग नसते. मार्चमध्ये बजेट संपलेलं असतं, दिवाळीत कोणाला वेळ नसतो, आणि वाहन उद्योगात मंदी आली की सर्वांत आधी कात्री लागते ती अशाच खर्चाला. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय आणि दोन-तीन कंपन्यांनी दुसऱ्यांदा बोलावल्याशिवाय नोकरी सोडू नये. उद्यम नोंदणी पहिल्या बिलाआधी करून घ्यावी. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत देण्याचं बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे. कंपनी बिलातून टीडीएस कापेल, म्हणून हाती येणारी रक्कम आधीच मोजून ठेवावी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी.

राहता राहिला प्रश्न आत्ता, या उन्हाळ्यात काय करायचं याचा. एमबीएची इंटर्नशिप घेणार असाल, तर एचआरच्या वातानुकूलित खोलीतली खुर्ची मागू नका. महिनाभर एखाद्या शिफ्ट सुपरवायझरबरोबर उभं राहायची परवानगी मागा. मधली सुट्टी झाली की त्याच्याबरोबर डबा खा आणि रात्री घरी येऊन तो काय बोलला ते वहीत लिहा, आपलं मत न घालता.