यंत्रमानवाची प्रतिकृती : जोडणी आणि रंगकाम

कार्यानुभवाच्या तासाला वरच्या वर्गांकडून काय करून घ्यावे, असा प्रश्न शिक्षकबंधू व भगिनी वारंवार विचारीत असतात. कागदकाम आणि मातीकाम सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रस्तुत लेखात किंचित निराळ्या हस्तकामाचा विचार करावयाचा आहे. शहरातील अथवा परदेशातील नातेवाइकांकडून एखाद्या मुलाच्या हाती कधी कधी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच येतो. जपानमधील ‘गंडम’ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध संच होय. असा संच शाळेत आला, तर तो खेळणे म्हणून कपाटावर ठेवू नये.

‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने जगास दिला. त्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठीचे काम. वेठ म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील वृद्धांस निराळे सांगावे लागत नाही; मुलांना मात्र ही व्युत्पत्ती अवश्य सांगावी. काटेकोरपणे पाहता गंडम हा यंत्रमानव नव्हेच, कारण त्याच्या धडात माणूस बसतो व तोच त्यास चालवितो. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही चित्रमालिका एप्रिल १९७९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पुरेसा प्रेक्षकवर्ग न लाभल्यामुळे जानेवारी १९८० मध्ये ४३ भागांवरच ती आटोपती घ्यावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये बांदाई कंपनीने ३०० येन किमतीचा पहिला संच काढला आणि मालिकेच्या नशिबी नसलेले यश त्या लहानशा खोक्यास मिळाले. हे संच शिझुओका शहरात तयार होतात. त्या शहरास लाकडी कारागिरीची जुनी परंपरा आहे. तेथील तामिया ही प्रतिकृती बनविणारी प्रसिद्ध कंपनीही १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातूनच उभी राहिली. बांदाई कंपनीने २०२१ पासून जपानमधील प्राथमिक शाळांना वर्गात वापरण्यासाठी असे संच विनामूल्य देण्याचा उपक्रमही सुरू केला. कारखान्यात वस्तू कशी निर्माण होते, हे मुलांनी हाताने जाणावे, हा त्यामागील हेतू.

प्रथम प्रमाण समजावून द्यावे. कथेतील गंडमची उंची १८ मीटर असून प्रतिकृतीचे प्रमाण १:१४४ आहे. म्हणजे उभी प्रतिकृती १२.५ सेंटिमीटरची. हे गणित फळ्यावर सोडविल्यानंतर मुलांची उंची मोजावी. पाचवी-सहावीत १४४ सेंटिमीटर उंचीचे एखादे मूल सहज सापडते. या मापात ते बरोबर १ सेंटिमीटरचे होईल. पुठ्ठ्याची तेवढी आकृती कापून तिच्यावर त्या मुलाचे नाव लिहावे आणि काम चालू असेतो ती मेजावर उभी ठेवावी. गुणोत्तराचा पाठ याहून सुलभ रीतीने शिकविता येईल असे मला वाटत नाही.

सर्व भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना देठांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक चौकटीस अक्षर व प्रत्येक भागास अंक दिलेला असतो. एकही भाग तोडण्यापूर्वी सूचनापत्र पूर्ण वाचावे. पत्रावरील मजकूर बहुधा जपानी असतो. तथापि आकृत्या इतक्या स्पष्ट असतात की भाषेवाचून अडत नाही. भाग हाताने पिरगाळून काढू नये, कारण ताण पडलेल्या जागी प्लॅस्टिक पांढरे पडते. लहान पक्कडीने प्रथम देठ दूर कापावा, भाग मोकळा करावा व नंतरच उरलेला देठ जवळून कापावा. तरीही बारीक उंचवटा राहतोच. तो ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, मग ६०० व शेवटी १००० क्रमांकाच्या कागदाने घासावा. येथे पुठ्ठ्याचे मूल उपयोगी पडते. १ मिलिमीटरचा उंचवटा खऱ्या यंत्रावर १४.४ सेंटिमीटरचा झाला असता, हे कळले म्हणजे ‘घास’ असे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

नवे संच गोंदाविना जुळतात आणि त्यांचे भाग रंगीत प्लॅस्टिकचेच असतात. पहिला संच एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचा होता. मुलाने तो चिकटवावा आणि स्वतः रंगवावा लागे. माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने तो जुना संच अधिक चांगला. केवळ सूचनापत्राप्रमाणे भाग जोडणे हे आज्ञापालन झाले. मुलाची स्वतःची बुद्धी रंगकामात चालू लागते, म्हणून रंगीत प्लॅस्टिकचा संच असला तरीही तो रंगवून घ्यावा.

भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, अन्यथा साच्यातून आलेला ओशटपणा रंगास धरू देत नाही. प्रथम करड्या अस्तराचा एक पातळ थर द्यावा. अस्तर चढताच न दिसलेले ओरखडे उघडे पडतात. मुले हिरमुसतात, परंतु पुन्हा घासण्याची खरी वेळ तीच. त्यानंतर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पातळ करून द्यावा. एका जाड थराने कोरीव रेषा बुजतात, तर तीन-चार पातळ थरांनी रंग सारखा बसतो. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबणे मुलांना फार जड जाते, आणि शिक्षकांनाही. पांढऱ्यावर लाल सहज चढतो, परंतु लालावर पांढरा चढविताना दमछाक होते. यास्तव फिकट रंग आधी. सांध्यांच्या आत रंग देऊ नये, कारण हात हलताच तो खरवडून निघतो. शेवटी कोरीव रेषांत पातळ गडद रंग सोडावा : पांढऱ्या भागात करडा, लाल व पिवळ्यात तपकिरी. शुभ्र भागात काळी रेषा ओढली, तर तो भाग तडकल्यासारखा दिसतो. पेणच्या मूर्तिशाळांत डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच का देतात, हे येथे मुलांना सहज उमगेल. फवारणीचे व उग्र वासाचे रंग मुलांच्या हाती देऊ नयेत. धारदार पाते शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावे.

यापेक्षाही महत्त्वाची सूचना शिक्षकांच्या हातांविषयी आहे. विज्ञान प्रदर्शनांत मांडलेल्या कितीएक वस्तूंवर गुरुजींचाच हात फिरलेला स्पष्ट दिसतो आणि शेजारी उभे असलेले मूल पाठ केलेली माहिती म्हणून दाखविते. तपासणीस येणारे आम्ही अधिकारीही सुबकपणाचीच वाहवा करतो. त्यामुळे दोष एकट्या शिक्षकांचा नव्हे. एका वस्तीशाळेत एका मुलीने डाव्या कोपराचा भाग उजव्या हातास बसविलेला मी पाहिला. बाईंनी हात पुढे केला आणि मग आवरून घेतला. मुलीने दोन्ही भाग समोरासमोर धरले, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “बाई, हे आरशातल्यासारखे आहेत.” सममितीचा धडा तिला अद्याप शिकविलेला नव्हता. बाईंनी तो भाग स्वतः बसविला असता, तर प्रतिकृती दहा मिनिटे लवकर पुरी झाली असती, इतकेच.

तेव्हा परीक्षण करताना मुलास विचारावे, “कोणता भाग पुन्हा केलास? का केलास?” ज्यास याचे उत्तर देता येते, त्याची रेषा वाकडी असली तरी त्यास पूर्ण गुण द्यावेत.

पाच मुलांस एक संच पुरतो : दोन हात, दोन पाय आणि पाचव्याकडे धड व मस्तक. संचात बंदूक व ढालही असते. ती पाचही जणांना हवी असते, म्हणून तिचे काम चिठ्ठी टाकून द्यावे. रिकाम्या झालेल्या चौकटी फेकू नयेत. त्या त्याच प्लॅस्टिकच्या असल्याने प्रत्येक रंगाची परीक्षा प्रथम त्यांच्यावर करता येते.