जुने इंजिन : सुधारावे की बदलावे?

(मराठी विभाग)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातल्या आगगाडीवर लेख लिहावा याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु ‘जुने यंत्र दुरुस्त करावे की विकून नवे घ्यावे’ हा जो प्रश्न आपण परिव्यय लेखांकनाच्या पेपरात दरवर्षी सोडवतो, तो तळहातावर मावणाऱ्या इंजिनालाही जसाच्या तसा लागू पडतो. फरक एवढाच की पुस्तकातले यंत्र कोणी पाहिलेले नसते. हे इंजिन मात्र टेबलावर ठेवून उघडता येते.

मॉडेल रेल्वे हा छंद मूळचा इंग्लंड-जर्मनीकडचा. आपल्याकडे तो थोड्यांनाच आहे, तरी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहावयास मिळाले. या गाड्या ठरावीक प्रमाणात केलेल्या असतात. युरोपात १ : ८७, तर इंग्लंडात १ : ७६ हे प्रमाण रूढ आहे. गंमत अशी की दोन्हींच्या रुळांतले अंतर एकच, १६.५ मिलिमीटर. म्हणजे इंग्रजी इंजिन मोठे, पण रूळ त्या मानाने अरुंद! मीटरगेज आणि ब्रॉडगेज दोन्ही पाहिलेल्या बेळगावकरांना गेजची भानगड समजावून सांगायला नको.

आपण उदाहरण म्हणून इंग्लंडच्या ‘ट्रायँग’ कंपनीचे पन्नाशीच्या दशकातले ‘जिंटी’ हे सहा चाकी टँक इंजिन घेऊ. या कंपनीचा इतिहास वाणिज्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. ट्रायँगची मालक लाइन्स ब्रदर्स. तिने १९६४ साली आपली जुनी प्रतिस्पर्धी मेकॅनो कंपनी, म्हणजेच ‘हॉर्नबी’ हे नाव, विकत घेतले. पुढे १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच कोसळली. हॉर्नबी हे नाव तेवढे टिकले, आणि नव्वदीच्या दशकात त्याचे उत्पादन चीनमध्ये जाऊ लागले. जिंटीच्या पोटात ‘एक्स ०४’ नावाची उघड्या सांगाड्याची, तीन ध्रुवांची मोटर असे. ती १२ व्होल्टवर चाले आणि वर्म गिअरने मधला आस फिरवी. तिचा प्रत्येक भाग सुटा होतो. पुढचा सारा हिशेब या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

इंजिन अडखळते, गरम होते, पहिल्यासारखे ओढत नाही, अशी तक्रार आली की घाईने नवीन घेऊ नये. पहिले काम सफाईचे. जुने तेल सुकून गोंदासारखे होते, आसावर धागे आणि केस गुंडाळलेले असतात, चाकांवर काळा थर बसून विजेचा संपर्क तुटतो. हे काढून नवीन कार्बन ब्रश बसवले तर निम्मे रोगी बरे होतात, हा माझ्या मामांचा अनुभव. मामा उद्यमबागेत फिटर होते. तिथल्या मोटरी मोठ्या, ही लहान, पण दुखणे तेच, असे ते म्हणतात. हा खर्च लेखांकनाच्या भाषेत महसुली. यंत्र जसे होते तसे चालू ठेवण्यासाठी केलेला.

दुसरे दुखणे चुंबकाचे. जुन्या मोटरीतला चुंबक कालांतराने अशक्त होतो. विशेषतः कोणी हौसेने मोटर उघडून आर्मेचर बाहेर काढून ठेवले की चुंबकाचे लोखंडी वर्तुळ तुटते आणि त्याची शक्ती झपाट्याने उतरते. अशी मोटर जास्त प्रवाह खाते, तापते, पण ओढत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक तर चुंबक पुन्हा भारून घ्यावा, नाहीतर त्या जागी निओडिमियमचे लहान चुंबक बसवावेत. दुसरा उपाय केला तर इंजिन पहिल्यापेक्षाही बरे चालते. मग हा खर्च महसुली की भांडवली? कार्यक्षमता मूळपेक्षा वाढली, म्हणून मी तो भांडवली धरीन. वर्गात यावर वाद झाला तर मला आवडेल.

तिसरी अडचण चाकांची. जुन्या चाकांच्या कडा, ज्यांना फ्लँज म्हणतात, फार खोल असत. जाड रुळांवर त्या चालून जात. आताचे बारीक रूळ जेमतेम १.९ मिलिमीटर उंच असतात, त्यांवर या कडा रुळांच्या पकडींवर आपटतात आणि गाडी टकटक करीत नाचते. बाजारात नवी चाके मिळतात. पण लेथवर कडा उतरवून घेणे हाही मार्ग आहे, आणि ज्या गावात गल्लोगल्ली लेथ आहेत तिथे तो स्वस्त पडावा.

सर्वांत मोठा बदल विजेच्या पद्धतीचा. जुन्या पद्धतीत रुळांतला दाब कमीजास्त करून वेग बदलतात. त्यामुळे एका रुळावरची सारी इंजिने एकदम धावतात. १९७९ साली हॉर्नबीने ‘झिरो १’ नावाची अंकीय पद्धत आणली. पुढे नव्वदीच्या दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघाने डीसीसी हे सर्वमान्य मानक ठरवले. यात रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. जिंटीत असा डीकोडर बसवता येतो, पण एक धोका आहे. या मोटरीचा एक ब्रश थेट सांगाड्याला, म्हणजे पर्यायाने रुळाला जोडलेला असतो. तसाच ठेवून डीकोडर जोडला तर तो क्षणात जळतो. ब्रशच्या स्प्रिंगच्या एका पायावर आधीच एक विद्युतरोधक नळी असते. तशीच दुसऱ्या पायावर चढवून दोन्ही ब्रश सांगाड्यापासून अलग करावे लागतात. मग लाल व काळी तार चाकांकडून येणाऱ्या विजेला, नारिंगी व करडी मोटरला. त्याआधी १२ व्होल्ट देऊन चाके क्षणभर हाताने रोखावीत आणि अ‍ॅमीटरवर प्रवाह वाचावा. डीकोडरची क्षमता त्याहून अधिक हवी. जुन्या मोटरी नव्या बंद डब्याच्या मोटरींहून फार खादाड असतात.

पद्धत बदलली की जुने यंत्र चांगले असूनही निरुपयोगी ठरते, हे खऱ्या रेल्वेतही घडले आहे. मुंबईत १९२५ पासूनची १५०० व्होल्ट डीसी पद्धत २०१६ पर्यंत पूर्ण जाऊन २५,००० व्होल्ट एसी आली, आणि केवळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांना तिथे काम उरले नाही. त्यामानाने आपली जिंटी भाग्यवान.

एका दुखण्याला मात्र औषध नाही. जस्ताच्या ओतीव धातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी तो सांगाडा फुगतो, वाकतो, भेगाळतो आणि हातात भुगा येतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक मॉडेलांची अशी माती झाली. बेळगावच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. अशा सांगाड्यावर एक रुपयाही घालू नये.

आता हिशेब. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जुन्या इंजिनावर आजवर ३,००० रुपये खर्च झाले. आज विकले तर २,००० येतील. चुंबक, चाके, डीकोडर यांना ४,००० लागतील, आणि नवे इंजिन घरपोच १८,००० ला पडेल. पहिली गोष्ट, ते ३,००० विसरावेत. तो बुडीत खर्च, कोणताही निर्णय घेतला तरी परत यायचा नाही. “एवढे घातले, आता कसे टाकू?” हे वाक्य घरोघर ऐकू येते, पण खतावणीत त्याला जागा नाही. दुसरी गोष्ट, इंजिन ठेवले तर विक्रीचे २,००० आपण सोडतो, म्हणून सुधारणेची खरी किंमत ४,००० नव्हे तर ६,०००. हेच २,००० पुन्हा नव्याच्या १८,००० तून वजा करू नयेत, नाहीतर एकच रक्कम दोनदा मोजली जाईल. (परीक्षेत हमखास चुकते ते इथेच.) सुधारलेले इंजिन आणखी ५ वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला १,२००. नवे १२ वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला १,५००.

फरक फार नाही. सुधारलेले इंजिन चारच वर्षे टिकले तर दोन्ही बरोबरीत येतात. म्हणून निर्णय आकड्यांच्या पलीकडच्या दोन गोष्टींवर जातो. एक, सुटे भाग. नवी मॉडेले दिसायला देखणी, पण ती ठरावीक खेपेत निघतात आणि खेप संपली की त्यांचे गिअर किंवा मोटर मिळणे अवघड होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एक्स ०४ चे ब्रश मात्र अजून मिळतात, कारण ती लाखांच्या घरातल्या इंजिनांत गेली. दुसरी, आयातशुल्क. खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. स्थानिक उद्योगाला आधार म्हणून ते योग्य असेलही, पण आपल्याकडच्या छांदिष्टासाठी त्याने पारडे दुरुस्तीकडे झुकवले, हे उघड आहे.

मामांकडे ही जिंटी त्यांच्या साहेबांनी निवृत्त होताना दिलेली आली. पुण्याचा एक संग्राहक ती मूळ स्थितीत मागतो आहे, आणि घरात सात वर्षांच्या नातीला ती धावताना हवी आहे. संग्राहकाला मूळ मोटर, मूळ चाके आणि खोके हवे असते. एकदा बदल केला की तो भाव पाडतो. मी मामांना वरचा तक्ता मांडून दाखवला. ते म्हणाले, “अरे, त्या दोन हजारांच्या ओळीपुढं पोरीचं नाव लिही.” मी लिहिले. मग आम्ही चुंबक बदलला, चाके उतरवण्याऐवजी वेगळी नवी बसवली, आणि काढलेली जुनी चाके व चुंबक चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवले. पुढे कोणी विकायचे ठरवलेच तर इंजिन तासाभरात मूळ रूपात येईल. डीकोडर अजून घेतलेला नाही. घरात इंजिन एकच आहे, त्याला क्रमांक कशाला?