पावसाच्या नोंदींचा फलक गटाच्या संगणकावर

किनवटसारख्या डोंगराळ तालुक्यात एका शिवारात पाऊस पडतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. सोयाबीन व कपाशीची पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच करावी, अशी शिफारस आहे. तालुक्याच्या सरासरीवर विसंबून पेरल्यास दुबार पेरणीची पाळी येऊ शकते. म्हणून गटाने गावोगावी पर्जन्यमापक बसवावेत, रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घ्यावी आणि सर्व नोंदी एका फलकावर, म्हणजे डॅशबोर्डवर, दाखवाव्यात.

साहित्य : ६४-बिट जुना संगणक, ४ जीबी मेमरी, वाय-फाय राउटर आणि इन्व्हर्टर. संगणकावर डेबियन किंवा उबंटू लिनक्स व डॉकर बसवावे. ही सर्व प्रणाली मोफत मिळते.

कंटेनर म्हणजे काय? प्रोग्रॅम व त्याला लागणारे सर्व सामान एकत्र बांधलेली पेटी. आपल्याला तीन पेट्या लागतात : नोंदी साठवण्यास पोस्टग्रेस, नोंदी भरण्यास अॅडमिनर व आलेख दाखवण्यास ग्राफाना.

उभारणी :
१) तिन्ही पेट्यांची माहिती डॉकर कंपोजच्या एकाच फाईलमध्ये लिहावी. प्रत्येकीची आवृत्ती क्रमांकासह द्यावी.
२) वीज गेल्यावर पेट्या आपोआप पुन्हा सुरू व्हाव्यात, अशी सूचना त्याच फाईलमध्ये द्यावी.
३) पोस्टग्रेसमध्ये दिनांक, गाव, पाऊस व पतंगसंख्या असा तक्ता करावा.
४) ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता व पोर्ट ३००० टाकून ग्राफाना उघडावे आणि सुरुवातीचा पासवर्ड लगेच बदलावा.
५) ग्राफानाला पोस्टग्रेसचा पत्ता देताना 'लोकलहोस्ट' लिहू नये, फाईलमधील पेटीचे नाव लिहावे. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

नोंदी जपा : पेटी काढून टाकली की तिच्या आत लिहिलेले सर्व जाते. म्हणून पोस्टग्रेस व ग्राफाना या दोन्हींना व्हॉल्यूम, म्हणजे पेटीबाहेरची कोठी, जोडावी. पेट्या बंद करण्याच्या 'डाउन' आज्ञेला 'व्ही' हा पर्याय जोडल्यास ही कोठीही पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. दर आठवड्याला पोस्टग्रेसची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे एकदा पाहावे. फलक कार्यालयाच्या वाय-फायपुरताच ठेवावा. इंटरनेटवर खुला करू नये.

उपयोग : गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग ३ दिवस प्रत्येकी ८ ते १० पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. आलेखात ८ वर लाल रेषा आखल्यास फवारणीचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

पेटी बिघडली तर अर्ध्या तासात नवी उभी करता येते. गेलेल्या हंगामाचा पाऊस मात्र पुन्हा मोजता येत नाही. तेव्हा मृगापूर्वी हे काम उरकावे व पहिल्या पावसापासून नोंद ठेवावी.