लॅपटॉपची बॅटरी : भरणा, क्षरण आणि आयुर्मान

बँकेच्या शाखेत, विद्यार्थ्याच्या खोलीत किंवा छोट्या व्यावसायिकाच्या पेढीवर लॅपटॉप आता वहीपेन्सिलीइतकाच सवयीचा झाला आहे. मात्र या यंत्रातील सर्वांत लवकर जीर्ण होणाऱ्या घटकाचा विचार सहसा तेव्हाच होतो, जेव्हा बॅटरी अर्ध्या तासात मान टाकू लागते. बॅटरी ही रासायनिक वस्तू असल्याने वापरली तरी ती झिजते आणि न वापरता ठेवली तरी झिजते. झिजेचा वेग मात्र बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हाती असतो.

‘बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जरला लावू नये’ हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. त्याचे मूळ जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीत आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधलेली ही बॅटरी आरंभीच्या लॅपटॉपमध्ये वापरली जात असे. ती वारंवार अर्धवट वापरून पुन्हा भरली, तर तिची उपयोगी क्षमता घटल्यासारखी दिसे; याला ‘स्मृती परिणाम’ म्हणत. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे लॅपटॉपमध्ये तीच रूढ झाली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला. आणि नव्या बॅटरीला तो अपायकारक आहे.

त्याचे कारण समजण्यासाठी आत काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. चार्जिंग सुरू असताना लिथियमचे आयन एका अग्राकडून निघून दुसऱ्या, ग्रॅफाइटच्या अग्रात जाऊन बसतात. वापर सुरू झाला की ते परत फिरतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच भरण्यापासून एक पातळ थर तयार होतो. हा थर संरक्षकही आहे आणि खर्चिकही, कारण तो जसजसा जाड होतो तसतसा काही लिथियम त्यात कायमचा अडकतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम बुडीत खात्यात जमा होते. हा थर वाढवणाऱ्या दोन प्रमुख गोष्टी म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीतील उच्च व्होल्टता. सामान्यतः एका घटाची व्होल्टता पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचते.

येथेच एक गैरसमज दूर करावा लागतो. रात्रभर चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी ‘अति’ भरत नाही. नियंत्रक मंडल भरणा वेळीच थांबवते. हानी होते ती बॅटरी महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर आणि तीही तापलेल्या अवस्थेत राहिल्याने. तांत्रिक साहित्यात दिले जाणारे ढोबळ आकडे बोलके आहेत. २५ अंश सेल्सिअस तापमानात ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवल्यास सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवल्यास सुमारे ८० टक्के. तापमान ४० अंश असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर हा आकडा सुमारे ६५ टक्क्यांवर येतो.

म्हणून शाखेच्या टेबलावर सदैव वीजजोडणीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये भरण्याची कमाल मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवणे हितावह ठरते. अनेक उत्पादकांच्या लॅपटॉपमध्ये ही सोय असते, पण ती बहुधा सेटिंगमध्ये शोधून सुरू करावी लागते. जेथे वीज वारंवार जाते आणि दिवसाचे व्यवहार त्या बॅटरीवरच पार पाडायचे असतात, तेथे मात्र पूर्ण भरणाच योग्य. बॅटरी कामासाठी आहे, जपून ठेवण्यासाठी नव्हे.

उष्णतेच्या बाबतीत आपल्या देशात विशेष सावधगिरी हवी. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहिलेला लॅपटॉप, किंवा गादीवर ठेवल्याने हवेची वाट बंद झालेला लॅपटॉप, दोन्ही सारखेच होरपळतात. याच्या उलट लेहच्या हिवाळ्यात शून्य अंशाखालील बॅटरीला चार्जर लावल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्यावर धातूरूपात साचू लागतो. बाहेरून आणलेले यंत्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच भरणे इष्ट.

बॅटरीचे आयुष्य आवर्तनांतही मोजतात. शंभर टक्के क्षमता एकूण वापरली की एक आवर्तन पूर्ण होते; आज पन्नास आणि उद्या पन्नास टक्के वापरले तरी ते एकच. अनेक बॅटऱ्या ३०० ते ५०० आवर्तनांनंतर लक्षणीय क्षीण होतात, काही उच्च दर्जाच्या १,००० पर्यंत टिकतात. थोडे वापरून थोडे भरणे हे खोल उपशापेक्षा सौम्य असते. पूर्ण रिकामी बॅटरी कपाटात महिनोन्‌महिने ठेवणे सर्वांत वाईट. लॅपटॉप दीर्घकाळ बंद ठेवायचा असेल, तर तो निम्मा भरून थंड जागी ठेवावा. कित्येक महिन्यांतून एखादे पूर्ण आवर्तन घडवल्यास टक्केवारी दाखवणारे मापक सुधारते, बॅटरी नव्हे.

बॅटरीची प्रकृती पाहण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल मिळतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता शेजारी दिलेल्या असतात. मूळ ५०,००० आणि सध्या ४१,००० मिलिवॅट-तास असल्यास १८ टक्के घट झाली, असा त्याचा अर्थ. पासबुकाप्रमाणे हा अहवालही अधूनमधून तपासलेला बरा.

घट सोसता येते. फुगलेली बॅटरी सोसता येत नाही. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना, तर आत वायू साचल्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जर तत्काळ काढावा, यंत्र बंद करावे. बॅटरी दाबू वा टोचू नये. २००६ मध्ये पेट घेण्याच्या धोक्यामुळे डेल कंपनीने सोनीचे घट असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, यावरून या ऊर्जेचे गांभीर्य लक्षात यावे. स्वस्त, बिननावाची बॅटरी घेताना वाचणारे पैसे याच जोखमीच्या बदल्यात वाचतात.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकण्याची मुभा नाही. २००१ चे नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे ती द्यावी, आणि नेण्यापूर्वी जोडणीच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी.