कारांग गुनी आणि बोहारीण

वाचण्याआधी: तुमच्या कपाटातला सगळ्यात जुना कपडा कोणता? तो तुमच्याआधी कोणाचा होता? शेजारी बसलेल्याला मराठीत सांगा.

आपल्या ब्लॉकखाली कधीतरी भोंगा वाजतो. पों, पों! जुने पेपर, बिघडलेला टीव्ही, नको असलेले कपडे विकत घेणारा माणूस आलेला असतो. इथे त्याला सगळे कारांग गुनी म्हणतात. मलय भाषेत ‘कारुंग गुनी’ म्हणजे गोणपाटाचं पोतं. पूर्वी हा माणूस पाठीवर पोतं घेऊन फिरायचा, म्हणून हे नाव पडलं.

आता ‘गुनी’ हा शब्द मोठ्याने म्हणा. मग आपला मराठी शब्द म्हणा: गोणी. तांदळाची गोणी, कांद्याची गोणी. सारखे वाटतात ना? मूळ एकच आहे. हा शब्द भारतातून निघाला आणि समुद्र ओलांडून इथे आला, तुमच्या आईबाबांच्या कितीतरी आधी!

महाराष्ट्रात जुने कपडे नेणारी बाई म्हणजे बोहारीण. ती पैसे देत नाही, भांडी देते. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली आणि डबे. दुपारी सगळं शांत असताना गल्लीत तिची हाक ऐकू यायची. मग दारात तासभर घासाघीस चालायची.

“ताई, एवढ्यावर पातेलं नाही परवडत. अजून एक पँट टाका.”

“अगं, ही साडी नीट बघ तरी! दोनदाच नेसलेय.”

बोहारीण साडी उलगडायची, उजेडात धरायची. कापड विरलंय का, काठ उसवलाय का, डाग कुठे आहे, तिला क्षणात कळायचं. आमच्या आईला ती कधीच फसली नाही. उलट आईच फसायची, असं बाबा म्हणायचे. बोहारणी आता शहरांत कमी दिसतात, पण त्यांची ती नजर आपल्याला आज हवी आहे. का, ते सांगते.

२०२१ साली सिंगापूरमध्ये कापड आणि चामड्याचा सुमारे १ लाख ८९ हजार टन कचरा झाला. त्यातला फक्त ४ टक्के पुनर्वापरासाठी गेला. उरलेला बहुतेक जाळला जातो आणि त्याची राख बोटीने सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात. आपला देश लहान आहे. दुसरी जागा कुठून आणणार?

तुम्ही म्हणाल, “मी तर जुन्या वस्तू पेटीत टाकते, मग काय?” छान. पण एक गोष्ट ऐका. इथे जुने बूट गोळा करून त्यांचं रबर खेळाच्या मैदानांसाठी वापरायची योजना होती. रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी ११ जोड बुटांत छोटे ट्रॅकर लपवले आणि ते दानपेट्यांत टाकले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी काय सापडलं ते छापलं. मैदानासाठी एकही जोड वापरला गेला नव्हता. बरेचसे इंडोनेशियात पोचले होते, आणि तिथे तर जुने कपडे-बूट आयात करायला बंदी आहे!

म्हणजे पेटीत टाकलं की काम संपलं, असं नाही. खरा प्रश्न आधीचा आहे: आपण किती घेतो, आणि घेतलेलं किती दिवस वापरतो?

आता दुकानात जाऊ या. जुना सुंगेई रोडचा बाजार आठवतो का कोणाला? त्याला लोक चोर बाजार म्हणायचे, अगदी मुंबईसारखं. तो १० जुलै २०१७ ला बंद झाला. पण वॉटरलू स्ट्रीटवर महिला संघटनांच्या परिषदेचं ‘न्यू टू यू’ आहे, साल्व्हेशन आर्मीची दुकानं आहेत. तिथे गेलात की आधी रंग बघू नका, किंमतही नको. कपडा उलटा करा. हो, आतली बाजू बाहेर.

आत शिवण दिसते. टाके बारीक आणि सरळ आहेत का? शिवणीच्या दोन्ही बाजूंना हलकेच ओढा. मधून उजेड दिसला तर ती शिवण लवकर उसवणार. मग कॉलर आणि काखेचा भाग बघा, कापड तिथे आधी विरतं. चेन दोनदा वरखाली करा. इलॅस्टिक ताणा. कुरकुर आवाज आला आणि ते परत आकसलं नाही तर ठेवून द्या. आणि इथल्या हवेत सुती कपडाच बरा. पॉलिएस्टरचा चकचकीत शर्ट एमआरटीत थंड वाटतो, पण बाहेर पडलात की अंगाला चिकटतो.

एक सुंदर शब्द शिका: माया. तुम्हाला तो आजीमुळे माहीत असेल. माया म्हणजे प्रेम. पण शिंप्याच्या भाषेत शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्यालाही माया म्हणतात. माया असली की कपडा पुढे मोठा करता येतो. आजच्या स्वस्त कपड्यांत माया जवळजवळ नसते. जुन्या कपड्यांत पुष्कळदा सापडते. मला तर दुकानात आत हात घालून माया शोधायची सवयच लागली आहे.

कपड्यांबद्दल जे सांगितलं ते बुटांना मात्र लागू नाही. जुना बूट आधीच्या माणसाच्या पायाचा आकार घेतो. टाच एका बाजूने झिजली असेल तर तुमचा पायही तसाच वाकडा पडेल. आणखी एक धोका दिसत नाही. काही बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचे असतात. दमट हवा त्या फोमला हळूहळू तोडते, बूट न वापरता कपाटात ठेवला तरी! माझे चार वर्षं जपून ठेवलेले बूट मॅकरिचीच्या जंगलात, घरापासून खूप दूर, केकसारखे कुसकरले. मी तळ रुमालाने बांधून परत आले. माकडं बघत होती.

म्हणून बूट शक्यतो नवे घ्या, पण थोडे आणि चांगले. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. “वापरून सैल होतील” हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. मराठीत आपण म्हणतो, चप्पल चावते. कुत्र्यासारखीच! चावणारी चप्पल कितीही फॅशनेबल असो, ती कपाटातच राहते.

फॅशनचं म्हणाल तर, जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. आपल्याकडे खूप आरडाओरडा झाला, आणि तो बरोबरच होता. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलांना २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण आजोबांना कोणी विचारलं नाही. ते तीच चप्पल पन्नास वर्षं घालत होते, तुटली की चांभाराकडून शिवून घेत होते.

एक अवघड गोष्ट राहिली. तुम्ही जुना शर्ट घरी आणलात तर आजी म्हणेल, “कुणाचा कोण जाणे! आपण कशाला घालायचा?” आजीवर रागावू नका. मलाही पहिल्यांदा लाज वाटली होती. आपल्याकडे जुने कपडे कामाच्या बाईंना द्यायची पद्धत आहे. देताना कोणाला लाज वाटत नाही, घेताना वाटते. का? हा प्रश्न आजीला नाही, आधी स्वतःला विचारा.

आणि मग आजीला विचारा की तुम्ही बाळ असताना तुम्हाला कशात गुंडाळलं होतं. बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: जुन्या सुती साडीच्या दुपट्यात. नवं कापड बाळाला टोचतं ना.

शब्द वापरा: घासाघीस करणे, विरणे, उसवणे, आकसणे, दमट, दुपटं. प्रत्येकावर तुमच्या घरातलं एक वाक्य लिहा.

बोला:
बोहारीण आणि कारांग गुनी यांच्या कामात काय सारखं आहे, काय वेगळं?
बुटांत ट्रॅकर लपवणं तुम्हाला योग्य वाटतं का?

करून बघा: तुमचा एक शर्ट उलटा करा. शिवण, काख, कॉलर आणि माया तपासा. आजीला किंवा आजोबांना फोन करून मराठीत सांगा काय सापडलं, आणि ते काय म्हणाले ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.